पहिल्या झटक्यानंतर उरणारा मंदपणा : घरच्यांनी काय पाहावे, काय करावे

मनोविकाराचा (सायकोसिसचा) पहिला झटका ओसरला, कानात येणारे आवाज बंद झाले, शेजाऱ्यांवरचा संशय गेला आणि रात्री झोप लागू लागली, म्हणजे आजार संपला असे घरच्यांना वाटते. खरी कुरबूर त्यानंतर काही महिन्यांनी सुरू होते. पूर्वी एकट्याने डवरणी उरकणारा मुलगा बांधावर बसून राहतो, बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी एकच पान तीनदा वाचते, आणि ‘हा कामचुकार झाला’, ‘गोळ्यांनी डोके मंद केले’, ‘बाहेरची बाधा अजून उरली आहे’ अशी तीन निदाने एकाच घरात एकाच वेळी होतात. हा मंदपणा बराचसा आजाराचाच भाग असतो. काही भाग मात्र घालवता येण्याजोगा असतो. तो शोधून काढण्यापूर्वी ‘आता हा असाच राहणार’ असे ठरवू नये.

प्रथम नेमके काय मंदावते ते समजून घ्यावे. विचारांचा वेग, ऐकलेले लक्षात ठेवणे, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे, लक्ष टिकवणे, कामाचा क्रम लावणे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून किंवा बोलण्यातून त्याचा हेतू ओळखणे, या क्षमतांवर परिणाम होतो. हाताला बसलेले कसब आणि जुने ज्ञान सहसा टिकून असते. ‘बैल सोड, त्यांना पाणी दाखव, येताना दुकानातून तेल आण आणि काकूला सांग की उद्या वेचणीला बाया लागतील’ असे एका दमात सांगितले, तर तो तेल तेवढे घेऊन येतो. बैल दावणीला तहानलेले राहतात आणि काकूला निरोप पोहोचतच नाही. आईला वाटते, पोराने मुद्दाम ऐकले नाही. वास्तविक दुकानापर्यंत पोहोचेतो बाकीच्या सूचना त्याच्या मनातून निसटलेल्या असतात, आणि ‘मी विसरलो’ म्हणण्यापेक्षा गप्प बसणे त्याला कमी लाजिरवाणे वाटते.

गोळ्यांनीच हे झाले असे मानून त्या परस्पर बंद करणे सर्वांत महागात पडते, कारण त्यातून आजार उलटतो. एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांच्या चाचण्यांतही ही घट आढळते आणि अनेकांमध्ये तिच्या खुणा झटक्याच्या आधी, शाळेच्या वयातच, दिसू लागलेल्या असतात. १८९०च्या दशकात एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी या आजारात (आजच्या भाषेत स्किझोफ्रेनियात) बुद्धी उत्तरोत्तर ढासळत जाते असे मांडले होते. पुढच्या दीर्घ पाठपुराव्यांत चित्र वेगळे दिसले : झटक्यानंतरच्या महिन्यांत काहीशी सुधारणा होते आणि मग बहुतेकांची स्थिती बरीचशी स्थिर राहते; काहींची स्मरणशक्ती मात्र वर्षांगणिक आणखी उतरते. नैराश्य किंवा उन्मादासोबत आलेल्या झटक्यात ही घट तुलनेने कमी असते, आणि काहींच्या चाचण्या अगदी सामान्यही येतात. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतल्या वागण्यावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधू नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी महिनाभर एका वहीत नोंदी ठेवाव्यात. ‘डोके चालत नाही’ या वाक्यातून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. ‘हिशेबात पैसे परत घ्यायचे राहून जातात’, ‘गोळी घेतल्यावर दुपारपर्यंत गुंगी असते’, ‘बोलता बोलता विषय सुटतो’ अशा नोंदींतून लागते. झोपेचे तास, गोळ्यांच्या वेळा आणि चुकलेल्या गोळ्या यांचीही नोंद असावी. पेरणीच्या धांदलीत रोज लिहिणे जमत नसेल, तर आठवड्यातून दोनदा लिहिले तरी चालते.

ही वही आणि सर्व गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जावे, आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा : ट्रायहेक्सीफेनिडिलची अजून गरज आहे का? मुख्य औषधामुळे हातापायांना येणारा ताठरपणा आणि कंप कमी करण्यासाठी ही गोळी दिली जाते, ते योग्यच असते. परंतु ती स्मरणशक्ती बोथट करते, आणि गरज संपल्यावरही जुन्या चिठ्ठीवरून वर्षानुवर्षे चालू राहिलेली पुष्कळदा दिसते. ती डॉक्टरांनीच हळूहळू कमी करावी लागते. झोपेसाठी दिलेल्या क्लोनाझेपाम किंवा लोराझेपामसारख्या गोळ्यांची आणि मुख्य औषधाच्या मात्रेचीही अशीच फेरतपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. झटक्यानंतर येणारे नैराश्य हुबेहूब आळसासारखे दिसते, म्हणून त्याविषयी स्पष्टपणे विचारावे. गांजा आणि दारू पूर्ण बंद हवी. बिडीचे प्रकरण थोडे निराळे आहे : तिच्या धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन या मुख्य औषधांचे रक्तातील प्रमाण घटते आणि बिडी एकदम सोडली की ते वाढून गुंगी येते, तेव्हा बिडी जरूर सोडावी, पण डॉक्टरांना सांगून.

बुद्धिवर्धक टॉनिकांवर पैसा घालू नये. या विशिष्ट अडचणीसाठी मान्यता मिळालेले औषध अजून उपलब्ध नाही. मोठी आशा असलेले इक्लेपर्टिन २०२५ च्या सुरुवातीला अखेरच्या टप्प्यातील चाचण्यांत अपयशी ठरले.

ज्याचा उपयोग होतो, ते आहे सरावाचे प्रशिक्षण, म्हणजे लक्ष आणि स्मृतीचे व्यायाम तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली करणे आणि तेच कौशल्य लगेच खऱ्या कामात वापरणे. नुसती कोडी सोडवून कोडीच चांगली सुटू लागतात. गावात असा प्रशिक्षक मिळणे कठीण असले, तरी त्यामागचे तत्त्व घरी वापरता येते : एका वेळी एकच सूचना द्यावी, ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावी, ती जमू लागली की दुसरी जोडावी. दिवसाची कामे खडूने दारामागे लिहून ठेवावीत आणि झालेल्या कामावर त्यानेच रेघ मारावी. दुकानाची यादी मोबाइलवर त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करावी. भरभर चालण्यासारखा नियमित व्यायामही उपयोगी ठरतो.

शेतातले काम निवडताना घाई करू नये. कापूस वेचणी सुरुवातीला सोयीची, कारण हाताची हालचाल तीच राहते, चार माणसांची सोबत असते आणि वेग आपला आपल्याला ठेवता येतो. मात्र संध्याकाळी काट्यावर गाठोडे मोजताना त्याच्या किलोंची बरोबरी इतरांशी करू नये. निंदण, गुरे चारणे, दूध पोहोचवणे हीदेखील तशीच कामे आहेत. फवारणी त्याच्याकडे देऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ज्याचे लक्ष मध्येच सुटते, त्याच्या हाती फवारणीच्या औषधाचे माप आणि मास्कची जबाबदारी देणे धोक्याचे आहे. घरातले कीटकनाशक कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी, कारण पहिल्या झटक्यानंतरच्या काळात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. तो मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे; टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो. ओलिताची वीज रात्रीच्या पाळीत येते तेव्हा मोटार चालू करायला त्याला उठवू नये, कारण जागरणाने स्मरणशक्ती तर मंदावतेच, आजारही उलटू शकतो. वैशाख-ज्येष्ठात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. मनोविकाराची काही औषधे आणि विशेषतः ट्रायहेक्सीफेनिडिल घाम कमी करतात, त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. दुपारी त्याला शेतात ठेवू नये.

मंदपणा हळू बदलतो. चार-आठ दिवसांत अचानक विसराळूपणा वाढला, झोप उडाली, पुटपुटणे किंवा संशय सुरू झाला, तर तो नेहमीचा मंदपणा नसून आजार परतण्याची चिन्हे असू शकतात. पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

उपचारांनंतरही कामात किंवा शिक्षणात अडचण टिकून राहिली, तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा विचार करावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. मूल्यांकन ‘आयडियाज’ या भारतीय मोजपट्टीने होते आणि त्यात स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशी चार अंगे पाहिली जातात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व ठरल्यास सवलतींचा मार्ग खुला होतो. परीक्षेत वाढीव वेळही मागता येतो. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो आणि तपासणी ठरवून दिलेल्या शासकीय रुग्णालयात होते. तेथे जाताना उपचारांची सर्व कागदपत्रे तारखांप्रमाणे लावून न्यावीत, आणि त्याच्यासोबत रोज राहणारी व्यक्तीच बरोबर असावी. केवळ गाडी चालवता येते म्हणून दूरच्या नातेवाइकाला पाठवले, तर त्याला यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.