सवाईला गाणं ऐकायला जाताय? मग हे नक्की करा

ज्या गायकाला आपण वर्षानुवर्षं फक्त रेकॉर्डिंगवर ऐकलंय त्याला डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात समोर बसून ऐकायचं असेल तर आदल्या दिवशी त्याचं एखादं आवडतं रेकॉर्डिंग नीट ऐकून घ्या, म्हणजे तिथे फरक लगेच कळतो. जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकडीवर एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मिळायची, त्यात आलाप कुठे मावणार? मैफलीत तोच ख्याल, म्हणजे बंदिशीतून केलेली रागाची मांडणी, पाऊण तास सुद्धा चालतो, विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या संथ लयीत, गायक एकेक सूर लावत वर चढतो आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला पोचतो तेव्हा मांडवात जे होतं ना, ते हेडफोनमध्ये येतच नाही.

वेळेआधी पोचा, तानपुरे जुळवतानाच कान तयार होतो. भारतीय बैठकीत जागा मिळाली तर शक्य तितकं पुढे बसा, गायकाचे हात बघा, तबलजीकडे टाकलेली नजर बघा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं कसे एकत्र येतात ते बघा, माझ्या मते अर्धं गाणं तिथेच आहे. मोबाईल खिशात ठेवा प्लीज. शाल नाहीतर स्वेटर न्या, रात्री गार होतं. आणि गाण्यातली एखादी जागा, म्हणजे एखादी सुंदर स्वराकृती, आवडली की मोकळेपणानं दाद द्या, गप्प बसू नका, कारण दाद मिळाली की कधीकधी गायक तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगानं घेऊन दाखवतो, आणि ती कुठल्याच रेकॉर्डवर नसते.