आधी एलएसीपी, मग दुसरी केबल

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलचं ऑफिस आणि गोदाम लांब असेल, तर दोन्हीकडच्या नेटवर्क स्विचमध्ये दोन लिंक टाकून त्यांचा एक ग्रुप करावा, म्हणजे त्या मिळून एका लिंकसारख्या चालतात. मात्र आधी दोन्ही स्विचवर ग्रुप बनवा, दुसरी केबल नंतरच लावा. उलटं केलंत आणि स्पॅनिंग ट्री (लूप रोखणारी स्विचमधली सोय) बंद असेल, तर लूप होऊन, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहून, सगळं नेटवर्क बसतं.

ग्रुप बनवताना स्टॅटिक मोड (यात स्विच एकमेकांशी न बोलताच ग्रुप धरून चालतात) टाळा, एलएसीपीच (यात दोन्ही स्विच एकमेकांना निरोप पाठवत राहतात) घ्या. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) असेल, तर फायबर तुटूनही स्विचच्या पोर्टचा दिवा चालू राहू शकतो, आणि स्टॅटिक ग्रुप त्या मेलेल्या लिंकवर डेटा ढकलतच राहतो. एका पीसीवर बिलिंग उघडतं, शेजारच्यावर नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्या. एलएसीपीत समोरून निरोप यायचा थांबला की ती लिंक बाद होते. स्लो टायमरवर 90 सेकंदांत, फास्टवर 3.

ग्रुप जमतच नसेल, तर दोन्ही बाजू पॅसिव्ह (स्वतःहून निरोप सुरू न करणाऱ्या) नाहीत ना ते बघा, एक तरी अ‍ॅक्टिव्ह हवी. स्पीड, डुप्लेक्स (डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी जातो की नाही) आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्कचे भाग) दोन्हीकडे सारखे ठेवा.

एकच मोठी फाइल कॉपी करताना वेग दुप्पट झाला नाही म्हणून सेटिंग बदलत बसू नका. एक कनेक्शन एकाच लिंकवरून जातं. फायदा दिसतो तो अनेक पीसी एकदम चालतात तेव्हा.