पिकाला कोणती माशी हवी, ते फुलावरून कसे ओळखावे?

फूलगळ वाढली की पहिला विचार मधपेट्या आणण्याचा होतो. त्याआधी पिकाचे एक फूल हातात घ्या. पेटीतली माशी सगळ्याच फुलांच्या उपयोगाची नसते. वांग्यासाठी तर ती अगदीच तोकडी पडते.

१. फूल उभे चिरा. वांग्याचे ताजे फूल ब्लेडने मधोमध कापा. आतले पिवळे, लांबुळके परागकोश इतर फुलांसारखे उकलत नाहीत. प्रत्येकाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि फूल जोरात थरथरले तरच त्यातून पराग झडतो. भुंगा नेमके हेच करतो. फुलाला लटकून तो छातीचे स्नायू थरथरवतो, गुणगुण एकदम वरच्या पट्टीत जाते आणि त्याच्या पोटावर पिवळी धूळ पडते. काही एकांड्या रानमाश्यांनाही हे जमते, पेटीतल्या माशीला नाही. टोमॅटोचीही हीच गत.

फूल चिरलेच आहे, तर कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे मधले टोक, तेही बघून घ्या. ती परागकोशांच्या वर डोकावत असेल तर ठीक. आत खोल बुडालेली असेल, तर ते आखूड फूल सहसा गळतेच. त्याचे खापर माशीवर फोडू नका.

२. फुलाचे दार कसे आहे ते पाहा. सूर्यफुलाच्या चकतीवर कोणीही येऊन बसावे. लसूणघासाचे फूल मात्र खोडकर: माशीने पाकळ्या दाबल्या की आत दडपलेले केसर उसळून तिच्या डोक्यावर आपटतात. मधमाशी हे लवकर शिकते आणि बाजूच्या फटीतून सोंड घालून परस्पर रस पिते. पाने कापून घर बांधणारी रानमाशी असल्या माराला भीक घालत नाही, म्हणून या पिकाच्या बियाण्यासाठी तीच कामाची.

३. वेळ साधा. भोपळा पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतो, तेव्हा उन्हे चढल्यावर माश्या मोजण्यात अर्थ नाही. दुधी संध्याकाळी उमलतो, त्याचे गिऱ्हाईक बहुतेक निशाचर पतंग. १० मिनिटे एकाच जागी बसा. किती माश्या आल्या यापेक्षा किती जणींचे अंग कुक्षीला घासले, ते टिपा.

४. पिशवी बांधा. २० कळ्यांना जाळीदार कापडाची पिशवी, शेजारच्या २० मोकळ्या. दोन्हीकडची फळे मोजली की माश्यांचा वाटा कळतो.

५. आता सोय करा. वांगी-टोमॅटोच्या फुलांत मध नसतो, नुसता पराग. त्यामुळे भुंग्याला मधासाठी दुसरी फुले जवळच हवीत. बांधावर निळी, जांभळी, पिवळी फुले लावा. लाल रंग माश्यांना दिसत नाही. बहुतेक रानमाश्या जमिनीत बिळे करतात, म्हणून बांधाचा थोडा भाग नांगरू नका. फुलोऱ्यात फवारणी टाळा. अगदीच टळत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा. आणि मांडवाच्या वाळक्या वाशाला बोटभर रुंद, गोल भोक दिसले, खाली लाकडाचा भुसा सांडलेला असला, तर ते बुजवू नका. भुंग्याचे घर आहे ते.