पिकअपला मोठे टायर बसवताना: मोजमाप, काम आणि सुरक्षेचा हिशेब

पिकअपला मोठे टायर लावायचे ठरले की बहुतेक जण आधी टायर पसंत करतात आणि मग तो बसावा म्हणून गाडीत काय कापावे लागेल ते बघतात. क्रम याच्या उलट हवा. चाकाभोवती जागा किती आहे, हौद्यात माल किती भरला जातो आणि ब्रेकवर किती भार पडतो हे आधी तपासावे. टायरचा आकार त्यावरून ठरतो.

मोठ्या टायरचा खरा फायदा एकच, पण मोलाचा आहे. मागच्या एक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा असतो. तो जमिनीपासून वर उचलण्याचे काम फक्त टायर करतो. सस्पेन्शन उंच केल्याने बॉडी वर जाते, पण सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) असेल तर गोळा आहे तिथेच राहतो. खडकाळ वाटेवर तोच गोळा आपटत असेल तर मोठा टायर सार्थकी लागतो. गाडी केवळ रुबाबदार दिसावी म्हणून हा खटाटोप करायचा असेल, तर पुढचा हिशेब नीट वाचूनच ठरवा.

आधी कागदावर

मूळ टायर म्हणून २६५/६५ आर १७ हा आकार घेऊ. रुंदी २६५ मिमी. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १७२ मिमी. रिम १७ इंची, म्हणजे ४३१.८ मिमी. भिंतीची उंची दोनदा धरून त्यात रिम मिळवली की व्यास येतो ७७६ मिमी.

याच रिमवर २६५/७० घेतला तर व्यास ८०३ मिमी होतो, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के वाढ. २८५/७० घेतला तर ८३१ मिमी, म्हणजे सात टक्के वाढ. जमिनीपासूनची उंची व्यासवाढीच्या निम्म्यानेच वाढते: पहिल्यात १३ मिमी, दुसऱ्यात २७.

तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंतची वाढ बऱ्याच पिकअप फारशी काटछाट न करता सामावून घेतात. सात टक्क्यांवर मात्र सस्पेन्शन, गिअर, ब्रेक, दिवे अशी साखळीच सुरू होते. ज्याची गाडी आठवड्यातले सहा दिवस डांबरी रस्त्यावर धावते, त्याने पहिल्या पर्यायावर थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागा मोजणे

गाडी सपाट जागी उभी असताना केलेले माप फसवे असते. टायर घासतो तो स्टिअरिंग पूर्ण वळलेले आणि सस्पेन्शन पूर्ण दबलेले असताना. म्हणून पुढचे एक चाक आणि त्याच्या तिरक्या दिशेचे मागचे चाक भक्कम रॅम्पवर चढवा, बाकीच्या चाकांना अटकाव लावा, आणि पुढच्या बाजूचा बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणारा रबरी ठोकळा) टेकतो का ते बघा. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत चार ठिकाणी अंतर मोजा: पुढच्या बंपरचा मागचा कोपरा, चाकामागचे लायनर (चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिकचे अस्तर) आणि त्याआड असलेला बॉडी माउंट (बॉडी चॅसीला जोडणारा आधार), आतल्या बाजूला वरचा कंट्रोल आर्म (चाक चॅसीला जोडणारी सस्पेन्शनची भुजा), आणि चॅसी. मागे फक्त पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि हौद्याची आतली कड बघितली तरी पुरते.

२८५/७० ची त्रिज्या २७ मिमीने वाढते आणि रिम तीच असेल तर रुंदी दोन्ही बाजूंना १० मिमीने. त्यावर आणखी १० ते १५ मिमी मोकळी जागा हवी, कारण चालत्या टायरची भिंत फुगते आणि रबरी बुश दबतात.

थोडेसेच घासत असेल तर प्लॅस्टिकचे लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबता येते. पत्र्याची जोडकड हातोडीने आडवी करून लगेच प्रायमर आणि रंग लावावा. उघडा राहिलेला पत्रा तिथूनच गंजतो. बॉडी माउंट कापायची वेळ आली तर ते काम कसबी वेल्डरचेच. बॉडी चॅसीला तिथेच जखडलेली असते.

रिम, ऑफसेट आणि स्पेसर

रिमवर कोरलेला ईटी आकडा बघा. तो ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते सांगतो. रिमची रुंदी तीच ठेवून ईटी ३० वरून १० वर आला तर चाक २० मिमी बाहेर सरकते. आतला आर्म वाचतो, पण वळताना चाक मोठा घेर घेते आणि बंपरच्या कोपऱ्यावर घासू लागते. शिवाय चाकाच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देते. म्हणून ईटी गरजेपुरताच बदला. हब आणि रिमच्या मध्ये नुसती चकती सरकवायचा स्पेसर वापरूच नका. त्याने स्टडवर नट पुरेसे आटे धरत नाही.

नव्या रिमचे मधले भोक हबवर घट्ट बसले पाहिजे आणि नटाची बैठक रिमला जुळली पाहिजे. शंकूच्या बैठकीच्या रिमला गोल बैठकीचा नट लावला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो.

टायरची क्षमता आणि हवा

टायरच्या भिंतीवर आकारानंतर ११२ असा आकडा दिसतो. तो भारनिर्देशांक: ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. नवा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. वेगाचे अक्षरही तपासा: एस म्हणजे ताशी १८० किमी, क्यू म्हणजे १६०.

इथे हमखास होणारी चूक अशी. जाड भिंतीच्या एलटी (लाइट ट्रक) टायरवर १२१ वाचून लोक निर्धास्त होतात आणि हवा जुनीच, ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), ठेवतात. पण १४५० किलोचा आकडा ८० पीएसआय दाबाला असतो. ३५ वर तोच टायर मूळ टायरपेक्षाही कमी वजन पेलतो. भरल्या गाडीत त्याची भिंत सतत दुमडत राहते, आतून तापते आणि शेवटी धाग्यांचे थर सुटतात. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा दाब फक्त मूळ टायरसाठी आहे. नव्यासाठी कंपनीचा भार-दाब तक्ता घ्या, एक्सलवरचे वजन काट्यावर मोजा आणि त्यानुसार हवा भरा.

दाब ठरला की खडूची परीक्षा घ्यावी. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर ५० मीटर सरळ चालवा आणि उतरून बघा. रेघ फक्त मधून पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. मात्र तक्त्याने सांगितलेल्या दाबाच्या खाली कधीही जाऊ नका, खडू काहीही म्हणो.

उंची वाढवणे

जागा पुरत नसेल तरच सस्पेन्शनला हात लावा. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपमध्ये सुमारे ५० मिमीच्या पुढे गेले की ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन तीव्र होतो, रबरी बूट फाटतात, ग्रीस उडते आणि सांधा वाजू लागतो. वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही टोकाला जातो. तेवढी उंची वाढवायची तर बदललेल्या कोनाचे वरचे आर्म लागतात.

मागे पाट्यांखाली ठोकळा घालून उंची मिळते. एकच ठोकळा वापरा. दोन रचलेले ठोकळे जोर पडला की सरकतात. पुढच्या एक्सलखाली ठोकळा कधीच नको. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणून आवळलेले बोल्ट दुसऱ्यांदा तसे धरत नाहीत.

मग गाडी चॅसीवर स्टँड लावून उचला, चाके खाली लोंबू द्या आणि ब्रेकचे होज व एबीएसच्या वायरी ताणल्या जातात का ते प्रत्येक चाकाशी हात लावून तपासा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

एक भाग हमखास विसरला जातो. अनेक पिकअपमध्ये चॅसीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते. माल भरला की गाडी दबते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उंच केली की व्हॉल्व्हला हौदा सदैव रिकामाच वाटतो आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक अर्धवट लागतात. दांडीचे ब्रॅकेट वाढलेल्या उंचीइतके सरकवा. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

काय गमावतो

ब्रेक: डिस्कवरचे बल तेच राहते, पण टायरची त्रिज्या सात टक्के वाढली की रस्त्यावर मिळणारे रोधक बल साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते. वर प्रत्येक टायर काही किलो जड, तेही परिघाशी. त्यामुळे पेडल जास्त दाबावे लागते आणि लांब उतारावर ब्रेक लवकर तापतात. चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल ही किमान तयारी.

उलटण्याचा धोका: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. अंतर १५६० मिमी आणि उंची ७०० मिमी असेल तर १.११ येते. टायर आणि लिफ्ट (सस्पेन्शनची वाढवलेली उंची) मिळून गुरुत्वमध्य ७० मिमी वर गेला तर १.०१. आकडा जितका लहान, तितकी गाडी अचानक वळवताना उलटणे सोपे. चाके प्रत्येक बाजूला २० मिमी बाहेर काढली तरी आकडा १.०४ लाच पोहोचतो.

गिअर: सात टक्के मोठ्या टायरवर ३.७३ चा फायनल ड्राइव्ह (एक्सलमधले शेवटचे गिअर-प्रमाण) ३.४९ सारखा वागू लागतो. चढावर गाडी दम तोडते, क्लच किंवा गिअरबॉक्स तापतो. भरपाईसाठी ४.१० चे क्राउन-पिनियन (एक्सलमधली गिअरांची जोडी) योग्य. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढे आणि मागे दोन्हीकडे एकाच प्रमाणाचे.

स्पीडोमीटर: याच टायरवर काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने धावत असते. टायरचा नवा घेर गाडीच्या संगणकात भरून घ्या आणि जीपीएसशी ताडून बघा.

गाडीची एकूण वजनमर्यादा यातल्या कशानेही वाढत नाही. टायर, रिम आणि लिफ्टचे वाढलेले वजन उलट मालाच्या हिश्शातूनच वजा होते. बंपर वर गेला की धडकेत तो समोरच्या छोट्या कारच्या बंपरवरून पुढे जातो, म्हणजे जोखीम दुसऱ्याच्याही माथी येते. बदल नोंदणीत आणि विम्यात चालतो का, हे काम सुरू होण्याआधीच लेखी विचारून घ्या.

बसवणे आणि नंतर

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. नट हाताने लावा, समोरासमोरच्या क्रमाने आवळा, गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा आणि ८० ते १०० किमी धावल्यावर पुन्हा तपासा.

त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट. हेडलाइट खाली घ्या: दिव्यावर १ टक्का लिहिले असेल तर १० मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली हवी. काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असेल तर तेही नव्याने जुळवून घ्यावे लागते. पहिले काही दिवस रिकाम्या मैदानात कडक ब्रेक आणि वळणे आजमावा, लायनरवर घासल्याच्या चकाकत्या खुणा शोधा, आणि ५०० किमीवर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

स्टेपनीही त्याच आकाराची हवी, आणि ती हौद्याखालच्या जागेत मावते का हे टायर विकत घेण्याआधी बघा. जुन्या, लहान स्टेपनीवर फोर-व्हील ड्राइव्ह लावला तर पुढची-मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) नको तो पीळ बसतो. अशा वेळी टू-व्हील ड्राइव्हमध्येच, हळू, पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे.