पब्लिक ऍडच्या (लोकप्रशासनाच्या) एमए चा फॉर्म भरताय? आधी दहावीची मार्कशीट काढा

कपाटातल्या त्या प्लास्टिकच्या फाइलीतून दहावीची मार्कशीट काढा आणि आधारकार्डाशेजारी ठेवा. दोन्हीवरचं नाव अक्षर न् अक्षर एक आहे का बघा, मगच पुढचं वाचा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं आणि माझं अख्खं वर्ष गेलं.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हा घोळ जवळपास ठरलेलाच. मार्कशीटवर नाव नि आडनाव एका ओळीत, वडिलांचं नाव खाली वेगळं. आधार काढायला मात्र आजोबा सोबत गेलेले, त्यांनी आपल्या पद्धतीनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यात टाइप करणाऱ्यानं आडनावातल्या ळ चा ल केला, इंग्रजीत कुणी डब्ल्यू लावला, कुणी व्ही. माझ्या आधारवर तीन शब्द, दहावीवर दोन, आणि बीए च्या मार्कशीटवर आडनावाचं स्पेलिंगच निराळं. फॉर्म गेला, परीक्षा झाली, स्कोअरही बरा आला, आणि ॲडमिशनच्या दिवशी कागद तपासणाऱ्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ये तो तीन अलग-अलग लड़कियाँ हैं." शपथपत्र आणा म्हणाल्या, मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत, परकं शहर, शनिवार दुपार, नोटरी कुठे बसतो तेही माहीत नाही. सीट गेली. चूक त्यांची नव्हतीच म्हणा.

तर दहावीची मार्कशीट हीच मुख्य धरा आणि बाकी सगळं तिच्यासारखं करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईघाईनं कियॉस्कवर जाऊन अजून एक चूक करून येऊ नका. आणि जे बदलणारच नाही त्यासाठी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं शपथपत्र कोर्टाबाहेरच्या नोटरीकडून आधीच करून ठेवा, स्कॅन मोबाइलमध्ये आणि ओरिजिनल फाइलीत.

आता कोर्सकडे येऊ. परवा माझा आतेभाऊ आला, भंवरकुआँच्या एका कोचिंगला जातो, म्हणाला, "ताई, यूपीएससी करतोचे, सोबत पब्लिक ऍडमध्ये एमए पण करून टाकतो, एका दगडात दोन पक्षी." मी म्हटलं, अरे थांब जरा. यूपीएससीला हा ऑप्शनल आहे, २५०-२५० चे दोन पेपर, त्याच्याशी एमए चा बराच भाग जुळतो हे खरं, पण एमए मध्ये हजेरी असते, असाइनमेंट असतात, रिसर्च मेथड्स असतात, बऱ्याच ठिकाणी डिझर्टेशन असतं, आणि यातलं पुष्कळसं यूपीएससी विचारतच नाही. नुसतं वेटिंग रूम म्हणून बसायचं असेल तर दोन्हीकडून हाल होतात, मी होताना बघितलेत. ज्याला खरंच कळून घ्यायचंय की महापालिकेचं बजेट कसं बनतं, फाइल कुठे आणि का अडते, बदली-बढती कशी होते, योजना भोपाळहून निघून वॉर्डात येईपर्यंत तिचं काय होतं, त्याच्यासाठी हा कोर्स मस्त आहे. नंतर नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर तिथेही पब्लिक ऍडमिनिस्ट्रेशन वेगळा विषय आहे, कोड १४.

नावांनी गोंधळू नका. कुठे एमए लोकप्रशासन म्हणतात, कुठे एमपीए, कुठे पब्लिक पॉलिसी अँड गव्हर्नन्स, आणि कितीतरी ठिकाणी राज्यशास्त्राच्या एमए तच याचे तीन-चार पेपर असतात. पॉलिसीवाल्या कोर्सात इकॉनॉमिक्स नि आकडेमोड जास्त, लोकप्रशासनात संघटना, कर्मचारी, वित्त, स्थानिक संस्था जास्त. ब्रोशरमधले हसऱ्या पोरांचे फोटो सोडा, सरळ सिलॅबसच्या पानावर जा. बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालते, बीकॉमवाले, इंजिनिअर सगळे येतात, टक्क्यांची अट मात्र युनिव्हर्सिटीगणिक वेगळी. आणि एक गोष्ट खास आपल्या मध्य प्रदेशवाल्यांसाठी: इथे नवं शिक्षण धोरण २०२१ लाच लागू झालं, म्हणून ज्यांनी चार वर्षांची ऑनर्स डिग्री केली त्यांना जिथे एक वर्षाचं पीजी असेल तिथे एकाच वर्षात सुटता येतं, यूजीसीच्या २०२४ च्या आराखड्यात तशी सोय आहे. प्रत्येक युनिव्हर्सिटीनं सुरू केलंय असं नाही, फोन करून विचारा.

रस्ते तीन-चार आहेत. सेंट्रल युनिव्हर्सिटी पाहिजे असेल तर सीयूईटी पीजी, म्हणजे पीजी प्रवेशाची देशभराची एकच परीक्षा. २०२२ पासून एनटीए (परीक्षा घेणारी केंद्राची संस्था) घेते, फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतो, परीक्षा मार्चच्या आसपास. कॉम्प्युटरवर ७५ प्रश्न, दीड तास, बरोबरला ४ मार्क, चुकलं की १ कट. पेपर इंग्रजी-हिंदी दोन्हीत असतो, मराठीत नाही, पण आपण शाळेपासून हिंदीत शिकलो त्यामुळे आपलं अडत नाही. लोक इथे एकच चूक करतात आणि दर वर्षी करतात: स्कोअर आला म्हणजे ॲडमिशन झालं असं समजून घरात बसतात. तसं नसतं! स्कोअरकार्ड घेऊन प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, वेगळी फीस, वेगळी तारीख. आपली इंदूरची देवी अहिल्या युनिव्हर्सिटीसुद्धा बऱ्याच कोर्सेसना सीयूईटीच लावते. मी एका वहीत युनिव्हर्सिटी, लॉगिन, पासवर्ड, शेवटची तारीख असे रकाने आखले होते, आई त्याला उधारीची वही म्हणायची.

इथल्याच सरकारी कॉलेजात राहायचं असेल तर उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश पोर्टल, तिथे परीक्षा नाही, ग्रॅज्युएशनच्या टक्क्यांवर मेरिट लागतं. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा नंबर) लागतो, आणि समग्रमध्ये नाव कसं लिहिलंय ते बघितलंत का? बघा, मी थांबते. पहिल्या राउंडला नाही लागलं तर रडत बसू नका, शेवटी सीएलसी असतं, कॉलेज लेव्हल काउन्सिलिंग, त्यात जागा निघतात.

नोकरी करत करायचं तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. जुलै आणि जानेवारी अशी दोनदा ॲडमिशन होते, कमीत कमी दोन वर्षं. दोन वर्षांत मिळून राज्य-समाज आणि लोकप्रशासन, प्रशासकीय सिद्धांत, मानव संसाधन, सार्वजनिक धोरण, विकेंद्रीकरण, ई-गव्हर्नन्स, आपत्ती व्यवस्थापन असे विषय येतात, आणि पुस्तकं इतकी बरी आहेत की यूपीएससीवाले ती वेगळी मिळवून वाचतात. आता एबीसी आयडी (क्रेडिट जमा होण्याचं ऑनलाइन खातं) आणि डीईबी आयडी (डिस्टन्सवाल्यांसाठी यूजीसीचा नंबर) काढल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, ते आदल्या दिवशी करून ठेवा. असाइनमेंट लिहून द्यायलाच लागतात, ते टाळणारे परीक्षेत पास होऊनही लटकतात. आणि हो, २०२२ पासून यूजीसीनं दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिलीय, एक रेग्युलर नि एक डिस्टन्स चालतं.

नागपूर मी मुद्दाम वेगळं सांगते. तिथला लोकप्रशासन आणि स्थानिक स्वशासन विभाग देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी आहे, मराठी वातावरण, आणि आता इंदूरहून थेट वंदे भारत जाते. फक्त दुसऱ्या राज्यात चाललो म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट लागणार, ते रिझल्ट लागल्या लागल्या मागून ठेवा.

अभ्यासाचं फार लांबवत नाही. विल्सनचा १८८७ चा निबंध, टेलर, फेयॉल, वेबर, मेयोचे हॉथॉर्न प्रयोग, फॉलेट, सायमन, १९६८ ची मिनोब्रुक परिषद, मग भारताकडे येऊन पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग १९६६ चा, दुसरा २००५ चा, त्याचे १५ अहवाल, ७३वी-७४वी घटनादुरुस्ती (पंचायती नि नगरपालिकांची). रिग्ज नावाच्या अभ्यासकानं अर्धवट बदललेल्या समाजातल्या सरकारी ऑफिसला 'साला' म्हटलंय, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ खोली. मी रात्री मोठ्यानं "साला मॉडेल, साला मॉडेल" घोकत होते आणि बाबा झोपेतून उठून आले, कुणाला शिव्या देतेस म्हणून.

आता खरी जागा, एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं आपलं निवेदन. सगळीकडे मागत नाहीत, पण पॉलिसीचे कोर्स, प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या आणि बाहेरच्या देशातले तर मागतातच. "लहानपणापासून मला देशसेवेची आवड आहे" हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा. आपण इंदूरचे, तर शंभरातले नव्वद जण लिहितात की माझं शहर देशात स्वच्छतेत पहिलं आहे. अहो ते २०१७ पासून वाचणाऱ्यालाही माहीत आहे. तुम्हाला काय दिसलं ते लिहा.

मी आमच्या गल्लीतल्या कचरागाडीवर लिहिलं होतं. सकाळी गाडी गाणं वाजवत येते, ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी वेगळा, असे कप्पे. शेजारच्या आजी नातवाचे डायपर सुक्यात टाकायच्या, गाडीवरचा पोरगा रोज पिशवी उघडून परत द्यायचा, "माताजी, ये उधर वाला." एक दिवस आजी चिडल्या, एक दिवस तो, आणि पंधराएक दिवसांनी आजी स्वतःच दुसऱ्या सुनेला शिकवायला लागल्या. मग मी महापालिकेच्या दरोगाला (सफाईवर देखरेख करणाऱ्याला) जाऊन विचारलं की या पोराला ट्रेनिंग कुणी दिलं, तो परमनंट आहे की ठेक्यावर, पिशवी परत केली तर त्याची तक्रार होते की शाबासकी मिळते. तो आधी मला पत्रकार समजला. नंतर चहा मागवला आणि अर्धा तास बोलला, हजेरी कशी लागते, सुट्टीवर गेला तर बदली माणूस कुठून येतो, सगळं. हे सगळं साडेतीनशे शब्दांत लिहिलं आणि शेवटी प्रश्न टाकला: नियम घरोघरी पोचवणारा माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर असतो, त्याच्या अधिकाराचा अभ्यास कसा करायचा? इंटरव्ह्यूत वीसच्या वीस मिनिटं त्या आजींवरच गेली.

तुम्ही दुसरं काही घ्या. बीआरटीएस घ्या, बससाठीचा वेगळा रस्ता, २०१३ मध्ये एबी रोडवर सुरू झाला आणि पुढे काढून टाकायचं ठरलं, तेव्हा कुणी ठरवलं, कोर्टात काय झालं, बसनं जाणाऱ्याला कुणी विचारलं का. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं होळकरांसाठी इंदूरचा नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये दिला होता, तो चाळा आणि आज आपला मोहल्ला बघा. ८५ वॉर्ड आहेत, एक तरी तुमचा असेलच. झोन ऑफिसात अर्धा दिवस नुसतं बसून या, नामांतरणाची (घरावर नव्या मालकाचं नाव चढवायची) एक फाइल किती टेबलं फिरते ते मोजा. फॉर्म भरायच्या आधी जा, नंतर नाही, कारण तिथे बसून कंटाळा आला तर हा कोर्स आपला नाही हे फुकटात कळतं.

शिफारसपत्रासाठी सरांकडे किमान तीन आठवडे आधी जा. दहातले आठ सर म्हणणार, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग स्वतःची आरती ओवाळू नका. त्यांच्या वर्गात तुम्ही केलेलं एक काम, एखादा पेपर, एखादा वाद, तेवढं एका पानावर मुद्द्यांनी लिहून द्या आणि म्हणा सर, यावरून तुम्ही तुमच्या भाषेत लिहा. मोठ्या पदाच्या ओळखीच्या काकांचं पत्र काही कामाचं नाही, त्यांनी तुम्हाला फक्त लग्नात बघितलंय. बाहेरच्या देशात जायचं असेल तर अशी दोन-तीन पत्रं, ट्रान्सक्रिप्ट आणि इंग्रजीची परीक्षा लागते, जीआरई आता पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपवर डोळा असेल तर आधी २,८०० तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे कॉलेजातून थेट नाही.

कॅटेगरीवाल्यांनी इकडे लक्ष द्या. ओबीसीचं राज्याचं सर्टिफिकेट आणि केंद्राच्या फॉरमॅटमधलं नॉन-क्रीमी लेअर ही दोन वेगळी कागदं आहेत, सेंट्रल युनिव्हर्सिटीत दुसरंच चालतं. ईडब्ल्यूएसचं तर आर्थिक वर्षाप्रमाणे असतं, मार्चमधलं घेऊन जुलैत गेलात तर परत पाठवतात. फॉर्ममध्ये कॅटेगरी चुकली तर फॉर्म बंद झाल्यावर एनटीए दोन-तीन दिवस करेक्शन विंडो उघडते, तेवढ्यात दुरुस्त करा, नंतर कुणी ऐकत नाही.

फॉर्म शेवटच्या रात्री एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवाल्याकडे बसून भरू नका. त्याच्यासमोर आठ जण उभे असतात, तो स्वतःचाच मोबाइल नंबर नि ईमेल टाकून मोकळा होतो आणि ओटीपी येतो त्याच्या फोनवर, तुम्ही तिकडे राजवाड्यावर. घरी भरा, नंबर आपला टाका. पैसे कटले पण कन्फर्मेशन पेज आलं नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी लॉगिन करून पेमेंट स्टेटस बघा. आणि कन्फर्मेशन पेजच्या तीन प्रिंट काढा, एक फाइलीत, एक बॅगेत, एक आईकडे, कारण ऐनवेळी तीच सापडते.