युक्रेनला घरं बांधायला जायचंय? आधी नौपाड्यात विटा साफ करा

युद्धात पडलेली घरं उभारायला मी युक्रेनला जातोय म्हटल्यावर आईने पहिलं विचारलं, तुला भिंतीत खिळा तरी ठोकता येतो का. बरोबर होतं तिचं. तिकडे बाहेरच्या नवख्या माणसाला सहसा पहिल्या दिवशी भिंत बांधायला देत नाहीत, डेब्रिज उपसायला लावतात, म्हणजे पडक्या भिंतीतल्या धड विटा निवडायच्या, त्यांना चिकटलेला मसाला (चुन्याचा किंवा सिमेंटचा थर) काढायचा, थप्पी लावायची.

हे इथेच शिका. ठाण्यात रिडेव्हलपमेंट गल्लोगल्ली चालूय, ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला सांगून दोन रविवार जा. मला नौपाड्यात एका गवंडीकाकांनी दाखवलं, वीट डाव्या हातात आडवी धरायची आणि थापीची कड मसाल्यावर तिरकी मारायची. मी सरळच हाणत होतो, दहातल्या सहा फुटल्या. काका म्हणाले, "अरे विटेला नको मारू, मसाल्याला मार." चुन्याचा मसाला पटकन सुटतो, सिमेंटचा हट्टी, त्याच्या नादी लागू नका. दुसऱ्या रविवारी घमेली दोन मजले उतरवली आणि सोमवारी ऑफिसात खुर्चीतून उठता येईना. येऊरचा डोंगर चढून दम वाढतो हो, पण कमरेला घमेलंच लागतं.

कागदांचं आता. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनवरून प्रवासी विमानं बंद आहेत, त्यामुळे बरेच जण पोलंडला उतरून सीमेजवळच्या प्शेमिशलहून ट्रेन धरतात (युक्रेनच्या रुळांमधलं अंतर १५२० मिमी, पोलंडच्या १४३५, म्हणून पोलंडची गाडी तशीच पुढे जात नाही). येताना परत पोलंडमधूनच यायचं ना, मग शेंगेन व्हिसा (पोलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) मल्टिपल एन्ट्रीच, म्हणजे पुन्हा आत येता येईल असाच घ्या. युक्रेनचा कुठला व्हिसा लागेल ते बोलावणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना आधी वाचा, आईला दाखवायच्या आधी. इन्शुरन्सवाल्याने मला "सगळं कव्हर आहे सर" सांगितलं, पॉलिसी उघडली तर युद्ध वगळलेलं! तो एक्सक्लुजनचा भाग स्वतः वाचा.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं हवं. पॉवर बँक १०० वॉट-अवरच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, आणि केबिन बॅगेतच. मास्कवर कंजुषी नको, जुन्या घरांवर आपल्या चाळींसारखे ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतात, फुटले की बारीक तंतू उडतात, रुमाल बांधून काही होत नाही, एफएफपी३ दर्जाचा, बारीक धूळ अडवणारा मास्क घ्या आणि पत्रा ओला केल्याशिवाय हलवू नका. चामड्याचे हातमोजे दोन जोड, एक फाटणारच.

हवाई हल्ल्याच्या सायरनचं ॲप फोनवर टाका. वाजलं की शेल्टर, ते जवळ नसेल तर बाहेरच्या आणि आपल्या मध्ये दोन भिंती येतील अशी बिनखिडकीची जागा, बाथरूम किंवा पॅसेज.

आणि प्लॉटवर पाय ठेवायच्या आधी विचारा, सुरुंग तपासून झालेत का. झाले म्हणाले तरी ढिगाऱ्यात अनोळखी डबा, वायर, खेळणं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, ओरडून सगळ्यांना थांबवायचं आणि आलेल्याच पावलांवरून मागे जायचं.