कॅपाडोशियात बलून राइड करताय? या चुका टाळा

ओळखीतलं कुणी तुर्कस्तानला निघालं की आठ-दहा दिवस आधी मला त्यांचा कार्यक्रम येतो. "ताई, एकदा नजर टाका ना." मी त्यात सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते: कॅपाडोशियातला, म्हणजे मध्य तुर्कस्तानातल्या दगडी सुळक्यांच्या प्रदेशातला, गरम हवेचा बलून कुठल्या सकाळी आहे. बहुतेक वेळा तो शेवटच्या सकाळी असतो. इस्तंबूल तीन दिवस, कॅपाडोशिया एक रात्र, पहाटे बलून, दुपारी परतीचं विमान. हे वाचलं की मला फोन उचलावाच लागतो. तोवर विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, त्यामुळे हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

बलूनसाठी एकच सकाळ ठेवणं, आणि तीही शेवटची

पहिल्या खेपेला मीही हेच केलं होतं. कॅपाडोशियातल्या गोरेमे गावात दोन रात्री होत्या. पहिल्या सकाळी झोप पूर्ण करायची आणि दुसऱ्या सकाळी बलून, असा बेत होता. पहिल्या दिवशी पहाटे खिडकीबाहेर बर्नरचा, म्हणजे फुग्यातली हवा तापवणाऱ्या शेगडीचा, घरघराट ऐकू आला. पडदा सारला तर दरीवर फुगेच फुगे, एकाखाली एक, काही तर समोरच्या गच्चीच्या उंचीवर. आम्ही पांघरूण गुंडाळून बघत बसलो. उद्या आपण तिथे असू, या भरवशावर परत झोपलोही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गाडी आली. मैदानावर पोचलो तेव्हा काळोख होता. टोपली आडवी पडलेली, फुग्याचं कापड जमिनीवर लांबच लांब अंथरलेलं, पण त्यात हवा भरणारे पंखे बंद. वारा बघायला पायलटने दिवा बांधलेला हातभर फुगा सोडला. तो थोडा वेळ सरळ वर गेला आणि मग कुणीतरी दोरी ओढावी तसा आडवा पळाला. पायलट काही बोलला नाही, हात खिशात घालून उभा राहिला. आम्ही पाऊण तास गाडीत बसून होतो. मग ड्रायव्हरचा फोन वाजला. तो मागे वळून म्हणाला, "इप्ताल." तुर्की येत नसूनही गाडीतल्या प्रत्येकाला कळलं: रद्द. अकरा वाजता जवळच्या कायसेरी शहराहून आमचं विमान होतं. पैसे पूर्ण परत मिळाले, पण ती सकाळ परत मिळाली नाही. आदल्या दिवशीची हिरवी सकाळ आम्ही झोपून काढली होती, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

हिरवी म्हणते, त्याचा अर्थ सांगते. उड्डाण करायचं की नाही हे तिथली कंपनी ठरवत नाही. तुर्कस्तानचं नागरी विमान वाहतूक खातं हवामान बघून सगळ्यांसाठी एकच निर्णय देतं. हिरवा म्हणजे उडा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे घरी जा. लाल असेल तर कितीही महाग तिकीट असो, कुणीही उडत नाही. "इथे तर झाडाचं पानसुद्धा हलत नाहीये," असं म्हणून कर्मचाऱ्यांशी भांडणारे लोक मी प्रत्येक खेपेला बघते. खाली शांत असलं तरी दोनतीनशे मीटरवर वारा वेगळा असतो. बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं असतं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, त्यातला हवा तो थर पकडून तो फुगा नेतो. वरचा वारा बिघडला किंवा उतरायच्या जागेवर धुकं असलं, तर उडणं म्हणजे जिवाशी खेळ.

पहाटेचा हट्टही यासाठीच आहे, फोटोंसाठी नाही. सूर्य वर आला की खडक तापतात, हवा गरम होऊन उसळ्या मारायला लागते आणि फुगा सांभाळणं अवघड होतं. म्हणून "जरा उशिराचं नाही का?" असं विचारू नका.

आता माझी पद्धत. कॅपाडोशियात कमीत कमी तीन रात्री, आणि बलून पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी. रद्द झालं तर पुढच्या सकाळी जागा द्यायची, हे बुकिंग करतानाच लेखी मागून घेते. तीन सकाळी हातात असल्या की मन शांत राहतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर एक रात्र आणखी वाढवा. बर्फातले ते सुळके अप्रतिम दिसतात, पण लाल सकाळी जास्त येतात, कधी कधी ओळीने. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर त्यामानाने भरवशाचे. एवढ्या रात्री देता येत नसतील तर इस्तंबूलमधली एक कमी करा. इस्तंबूल पावसातही बघता येतं.

तिथे गेल्यावर स्वस्तात मिळेल, असं धरून चालणं

बलूनचा दर विमानाच्या तिकिटासारखा रोज बदलतो, आणि तो युरोत सांगतात. दोनतीन दिवस उड्डाणं बंद राहिली की अडकलेले सगळे एकाच सकाळच्या मागे लागतात आणि दर चढतो. शेवटच्या क्षणी घासाघीस करणाऱ्यांना कधी मिळतंही, पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाने असा जुगार खेळू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. फार स्वस्त मिळालं तर चार गोष्टी विचारा: टोपलीत किती माणसं, हवेत किती वेळ, विमा आहे का, आणि पहिलं उड्डाण की दुसरं. दुसरं म्हणजे सूर्योदयानंतरचं. पहिल्या फेरीतले फुगे उतरले की तीच टोपली पुन्हा भरतात. ते वाईट नसतं, पण सूर्य क्षितिजावर येताना तुम्ही जमिनीवर उभे असता, आणि पैसे तर त्यासाठीच मोजलेले असतात.

टोपली वीस-चोवीस-अठ्ठावीस माणसांची असते, मोठ्या दराची सोळा किंवा त्याहून कमी. बरोबर ज्येष्ठ माणसं असतील तर मी लहान टोपलीचे जास्तीचे पैसे देते, कारण उतरताना टेकायला जागा मिळते. धडधाकट माणसांनी मोठ्या टोपलीतून जायला काहीच हरकत नाही.

"आम्हाला लव्ह व्हॅलीवरूनच न्या"

लव्ह व्हॅली ही तिथली एक प्रसिद्ध दरी, पण कुठल्या दरीवरून जायचं हे पायलटच्या हातात नाही, वाऱ्याच्या हातात आहे. कधी फुगा गुलाबी दरीवरून जातो, कधी पारव्यांच्या दरीवरून उचहिसारच्या किल्ल्याकडे, कधी चावुशिनच्या बाजूने. अमुकच दरी मिळाली नाही म्हणून तोंड पाडून उतरणारे लोक बघितले की वाईट वाटतं. सगळीकडे तीच राख आहे. लाखो वर्षांपूर्वी एर्जियेस आणि हसन या ज्वालामुखींच्या परिसरातून उडालेली राख थरांवर थर बसून मऊ दगड झाला. पाण्याने आणि वाऱ्याने तो झिजला, आणि जिथे वर कठीण दगडाची टोपी राहिली तिथे खालचा खांब वाचला. तुर्की लोक त्यांना परींची धुराडी म्हणतात. गोरेमेचा परिसर 1985 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. चांगला पायलट फुगा दरीत इतका खाली नेतो की सुळक्यात कोरलेली पारव्यांची खुराडी, त्यांच्या कडेचा फिकट लाल रंगसुद्धा दिसतो. त्या वेळी हात बाहेर काढून झाडाची फांदी धरायला जाऊ नका. दर खेपेला कुणीतरी जातंच.

कोपरा पकडण्यासाठी धक्काबुक्कीही नको. फुग्याच्या बाजूला झडपा असतात, पायलट त्यातून हवा सोडून अख्खा फुगा सावकाश फिरवतो. सगळ्यांना सगळं दिसतं.

कपडे, पोट आणि वेळ

गोरेमे समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटरवर आहे. ऑक्टोबरातही पहाटे पारा एक आकडी असतो. खरी थंडी मैदानावर वाट बघताना वाजते. हवेत फुगा वाऱ्याबरोबरच जातो, त्यामुळे अंगाला वारा लागतच नाही, आणि डोक्यावर बर्नरची धग येते. एकावर एक तीन थर घाला, डोक्याला टोपी, पायात बंद बूट. टोपलीला दार नसतं, बाजूच्या खाचांत पाय रोवून चढावं लागतं. साडी, घट्ट स्कर्ट, टाचांचे बूट हे सगळं नंतरच्या फोटोंसाठी ठेवा.

निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. वर सोय नाही.

जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो, डिसेंबरअखेर आठच्या आसपास. त्यामुळे गाडी उन्हाळ्यात चारला येऊ शकते, हिवाळ्यात सहाला. मित्राने सांगितलेली वेळ धरू नका, आदल्या संध्याकाळी कंपनीकडून स्वतःची वेळ घ्या. गाडी तुमच्यासाठी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, आणि तुमच्या उशिराचे पैसे परत मिळत नाहीत.

गरोदर बायकांना घेत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांनाही सहसा घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. टोपलीची कड मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येते. नुकतं ऑपरेशन झालं असेल, पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

फुगा भरत असताना कापडावर पाय देऊन फोटो काढू नका. त्या कापडावर तासाभराने तुमचा जीव टांगलेला असणार आहे.

उतरताना फोन हातात ठेवणं

मला सगळ्यात जास्त राग येतो तो या चुकीचा.

टोपलीत चढल्यावर जमिनीवरच पायलट सगळ्यांकडून उतरण्याची स्थिती करून घेतो. प्रवासाच्या दिशेकडे पाठ, गुडघे वाकवून खाली बसतं व्हायचं, आतली दोरीची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरायची, पाठ आणि डोकं टोपलीला टेकवायचं. एका मिनिटात होतं. त्याच मिनिटात निम्मी टोपली व्हिडिओ काढत असते.

तिसऱ्या खेपेला मी मावशीला घेऊन गेले होते. मावशी तेव्हा बासष्टची. उड्डाण सुंदर झालं, लांब एर्जियेसच्या शिखरावर बर्फ चमकत होतं, खाली सुळक्यांवर आमच्याच फुग्याची सावली पळत होती. बहुतेक वेळा पायलट थेट गाडीच्या ट्रेलरवर टोपली ठेवतो, चहाचा कप ठेवावा इतक्या हळू. त्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत खालचा वारा वाढला आणि त्याने शेतात उतरायचं ठरवलं. त्याने "लँडिंग पोझिशन" असं दोनदा ओरडून सांगितलं. मी म्हटलं, "मावशी, खाली बस, कडी सोडू नकोस." ती बसली. टोपलीतल्या आमच्या कप्प्यातला एक तरुण मात्र उभाच राहिला, सेल्फी स्टिक बाहेर काढून. त्याला तो क्षण टिपायचा होता.

टोपली जमिनीला लागली, उडाली, पुन्हा लागली आणि वीसेक पावलं घासत जाऊन आडवी झाली. तो मुलगा आमच्या अंगावर आला आणि स्टिकचं टोक मावशीच्या ओठावर बसलं. माझ्या हातरुमालावर रक्ताचा डाग आणि तोंडात धूळ, एवढं मला आठवतं. तीन टाके पडले. मावशीचे गुडघे, पाठ, मनगटं मात्र शाबूत होती, कारण तिने सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. त्या मुलाचं मनगट मुरगळलं होतं. तो खूप ओशाळला, पुन्हा पुन्हा माफी मागत होता. वाईट मुलगा नव्हता, पण पायलटच्या सूचना चालू असताना तो ट्रायपॉड जोडत होता, हे मी बघितलं होतं आणि मी काही बोलले नाही. आता मी बोलते. शेजारचा अनोळखी असला तरी सांगते, "फोन खिशात ठेवा."

माझी सवय अशी: चेन असलेल्या खिशाचं जॅकेट घालायचं. पायलट खालच्या गाडीशी वायरलेसवर बोलायला लागला की उतरायची वेळ जवळ आली असं समजायचं, आणि फोन, कॅमेरा, चष्मा सगळं आत टाकून चेन ओढायची. तो सांगेपर्यंत थांबायचं नाही. सेल्फी स्टिक हॉटेलवरच ठेवायची. आणि टोपली आडवी झाली तरी लगेच बाहेर उडी मारायची नाही. माणसं उतरली की वजन कमी होतं आणि फुगा पुन्हा उचलला जाऊ शकतो. पायलट म्हणेल तेव्हाच एकेकाने बाहेर यायचं.

त्याच दिवशी ग्रीन टूर लावणं

बलूनवरून तुम्ही नाश्त्याच्या वेळेला हॉटेलवर परत येता आणि वाटतं, अख्खा दिवस मोकळा आहे. मग लोक त्याच दिवशी ग्रीन टूर, म्हणजे देरिनकुयूचं भुयारी शहर आणि इहलारा दरी दाखवणारी दिवसभराची सहल, घालतात. इहलारात उतरायला शेकडो पायऱ्या आहेत, आणि भुयारात वाकून चालावं लागतं. पहाटे साडेतीनला उठलेल्या माणसाचे पाय तिसऱ्या तासाला बोलायला लागतात. त्या दिवशी दुपारी झोपा, संध्याकाळी गोरेमेच्या वरच्या टेकडीवर जाऊन बसा. भुयारी शहर दुसऱ्या दिवशी. आणि तिसऱ्या पहाटे, बलून आधीच झाला असला तरी, एकदा उठून त्याच टेकडीवर जा. खालून दिसणारे शंभर फुगे हा वेगळाच देखावा आहे, आणि त्याला तिकीट लागत नाही.